निर्णय आधी, यंत्र नंतर

तंत्रज्ञान आपली वाट स्वतःच काढते आणि राजकारण तिच्यामागून फरफटत येते, हे मत बडोद्यात राहून मला मुळीच पटत नाही. येथे १८९० साली कलाभवन उभे राहिले आणि रंगकाम, यंत्रविद्या यांसारख्या विषयांचे शिक्षण सुरू झाले, ते सयाजीराव गायकवाड आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ठरवले म्हणून. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आजमावून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू झाले. देशभरातील मुलांना असा कायदेशीर हक्क मिळायला २००९ उजाडले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालये खेड्यांपर्यंत नेण्यात आली, हे तर मला सर्वांत दूरदृष्टीचे वाटते, कारण वाचणाऱ्या समाजालाच विज्ञानाविषयी प्रश्न विचारता येतात.

अर्थात तो एका राजाचा निर्णय होता, त्यावर कुणाचे मत घेतलेले नव्हते. आज मत आपल्या हातात आहे, तरीही २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार ठेवला गेला, आणि त्याची चर्चा निवडणुकीच्या सभांत मला कुठेही ऐकू आली नाही.