महाविद्यालयाकडे निधी नसताना बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने संशोधनाची संधी कोठे शोधावी?

प्रश्न : बी.एस्सी. द्वितीय वर्ष, खानापूर

मी बेळगावातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते. आमच्या विभागातील लहान प्रकल्प बाहेरून येणाऱ्या अनुदानावर चालत असत. यंदा ते येणार की नाही, हे प्राध्यापकांनाही सांगता येत नाही. कर्नाटकात चार वर्षांची ऑनर्स पदवी २०२४-२५ पासून बंद झाल्याने संशोधनाचे चौथे वर्षही मिळणार नाही. बेंगळुरू किंवा पुण्यात दोन महिने स्वखर्चाने राहणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, निपाणी

ज्या योजनेचा पैसा तुमच्या महाविद्यालयातून फिरून येत नाही, तिच्याकडे प्रथम पाहावे. बेंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) देतात. तिच्यात विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज सहसा दिवाळीच्या सुमारास मागवले जातात, म्हणून शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना आताच सांगून ठेवा. तुम्हाला केंद्र सरकारची विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल, तर वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसते.

मात्र निवड न झाल्यास वर्ष वाया घालवू नये. तुम्ही खानापूरच्या आहात, आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी लोक दुरून तुमच्या तालुक्यात येतात. गावच्या देवराईतील किंवा बांधावरील जांभूळ, हिरडा, अंजनी अशी काही ठरावीक झाडे निवडून पालवी, मोहोर आणि फळे यांची दर आठवड्याला नोंद ठेवली, तर त्याला अनुदान लागत नाही. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात तशा नोंदी जमाही करता येतात. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका, आणि अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने, कन्नडमध्ये लिहून न्या.

उत्तर : एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, मूळची बेळगावची

सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. बेळगावातच राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे आणि तेथे औषधी वनस्पतींवर काम चालते. घरून जाऊन-येऊन काम करता आले, तर राहण्याचा प्रश्नच उरत नाही. कोठेही पत्र पाठवताना त्या शास्त्रज्ञांचा निदान एक शोधनिबंध वाचून, त्यातील नेमक्या कोणत्या भागात तुम्हाला काम करायचे आहे, ते चार ओळींत लिहा. सर्वांना एकच मजकूर पाठवला, तर तो लगेच ओळखू येतो. यंदा विद्यावेतनाची तरतूद आहे का, हे विचारण्यात संकोच नको. ते उशिरा जमा होऊ शकते, त्यामुळे पहिल्या महिन्याच्या मेसचे पैसे हाताशी असावेत. पैसे घेऊन ‘इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र देणाऱ्यांना संशोधनाच्या अर्जात कोणी विचारत नाही.

प्रश्नकर्ती

सर, ताई, मनःपूर्वक आभार. मला इन्स्पायर नाही. सत्र परीक्षा उन्हाळ्यात पुढे गेल्या, तर अधिछात्रवृत्तीचे काय करावे?

उत्तर : प्राध्यापक, निपाणी

निवडीचे पत्र येताच संबंधित मार्गदर्शकांना परीक्षेचे वेळापत्रक पाठवून रुजू होण्याची तारीख पुढे घेता येईल का, ते विचारावे. झाडांच्या नोंदी तेवढ्या या आठवड्यातच सुरू करा, म्हणजे अर्जात लिहायला काही तरी स्वतःचे असेल.