महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पहिला खर्च कशावर करावा? सल्ला हवा आहे

रेघोटी:
नमस्कार. आमच्या महाविद्यालयात यंदा विद्यार्थी-कल्याण समिती नेमली गेली असून तिच्या समन्वयाचे काम माझ्याकडे आले आहे. मी रसायनशास्त्र शिकवते. मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण मला नाही. पहिल्या बैठकीत ध्यानवर्ग, प्रेरणादायी व्याख्यान, भित्तिपत्रक स्पर्धा आणि मनःस्थितीची नोंद ठेवणारे मोबाइल ॲप अशा सूचना आल्या. त्यांत गैर काही नाही, परंतु जो विद्यार्थी आधी मागच्या बाकावर सरकला, मग प्रात्यक्षिके चुकवू लागला आणि शेवटी दिसेनासाच झाला, तो यांपैकी एकाही कार्यक्रमाला येईल असे मला वाटत नाही. विद्यार्थी सुमारे तीन हजार आहेत आणि समुपदेशक एकच. निधी आणि मनुष्यबळ दोन्ही मर्यादित असताना सुरुवात कोठून करावी, शिक्षकांनी कुठपर्यंत जावे आणि सर्व विद्यार्थ्यांकडून एखादी प्रश्नावली भरून घ्यावी का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मध्यलय:
मी विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक म्हणून काम करतो. विद्यापीठांतील समुपदेशन सेवांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संघटना साधारणपणे एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असे सुचवत आली आहे. तेव्हा ॲप आणि व्याख्यान यांचा निधी दुसऱ्या समुपदेशकाच्या, निदान अर्धवेळ का होईना, मानधनाकडे वळवता आला तर आधी तो वळवावा.

तोवर आहे त्या व्यवस्थेतही एक बदल शक्य आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तासाभराच्या साप्ताहिक बैठकांची गरज नसते. दररोज ठरावीक वेळी, पूर्वनोंदणीशिवाय, वीस-पंचवीस मिनिटांची पहिली भेट ठेवली, तर कोणाला एका बोलण्याने दिशा मिळेल, कोणाला नियमित समुपदेशन हवे आणि कोणाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवे, हे लवकर कळते. मोठे धाडस करून आलेल्या विद्यार्थ्याला तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली, तर त्याचे पुन्हा येणे अवघड होते.

हे सर्व पहिल्या सत्रातच सुरू व्हावे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यानुसार आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांत त्याची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश लोकांत २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांतील पाहणीत प्रथम वर्षाच्या सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांत चौकशी केलेल्या विकारांपैकी किमान एकाची लक्षणे आयुष्यात कधीतरी आढळली होती. म्हणजे कित्येक जण हा त्रास सोबत घेऊनच प्रवेश घेतात, आणि नेमके त्याच वेळी घर, जुने मित्र व आधीचे डॉक्टर मागे राहिलेले असतात.

खडूफळा:
शिक्षकांनी कुठपर्यंत जावे, एवढ्यापुरते लिहितो. निदान करणे हे आपले काम नाही. बदल लक्षात घेणे हे मात्र आहे, कारण तो समुपदेशकाच्या आधी आपल्याला दिसतो. वेळेवर काम देणाऱ्याच्या वह्या अचानक थांबणे, बोलका विद्यार्थी गप्प होणे, स्वतःच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष होणे, ईमेलमध्ये ‘आता काहीच उपयोग नाही’ अशी वाक्ये येणे, यांतले काहीही दिसले तर बाजूला घेऊन, दिसले तेवढेच सांगावे: ‘गेल्या दोन प्रात्यक्षिकांना तू नव्हतास आणि आज पूर्ण वेळ खाली पाहत होतास, काय चालले आहे?’ ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले की ‘हो सर’ एवढेच उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो.

आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अनेक सहकाऱ्यांना असते. उपलब्ध संशोधन त्या भीतीला दुजोरा देत नाही. शंका आल्यास शांतपणे आणि त्याच शब्दांत विचारावे, उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटे सोडू नये आणि समुपदेशकाचा क्रमांक हातात देण्याऐवजी स्वतः सोबत जावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये.

प्रशिक्षणासाठी ‘मानसिक आरोग्य प्रथमोपचार’ हा अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे. तो २००० मध्ये ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी सुरू केला आणि आता अनेक देशांत चालतो. प्रशिक्षण घेणाऱ्यांचे ज्ञान आणि आत्मविश्वास त्यामुळे वाढतो याचे पुरावे चांगले आहेत. ज्यांना मदत मिळाली त्यांची प्रकृती किती सुधारली याचे पुरावे तितके भक्कम नाहीत. तरीही मी तो शिक्षकांना आणि ग्रंथालय व कार्यालय यांतील कर्मचाऱ्यांना द्यावा असेच म्हणेन.

परतवाट:
मी नैराश्यामुळे एक सत्र गमावलेला माजी विद्यार्थी आहे. समुपदेशकांविषयी माझी तक्रार नव्हती. मला दमवले ते नियमांनी. परीक्षेला बसू शकत नसल्याचा अर्ज उघड्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना, कारणासह द्यावा लागे. सुट्टीवरून परतल्यावर कोणत्या विषयांचे काम बाकी आहे, हे सांगणारी एकच व्यक्ती नव्हती, म्हणून प्रत्येक प्राध्यापकांकडे जाऊन आजाराची तीच कहाणी सांगावी लागली. समितीने शक्य असल्यास हे अर्ज बंद पाकिटात किंवा ऑनलाइन घ्यावेत, प्रमाणपत्रावर निदान लिहिण्याची सक्ती काढावी आणि परतणाऱ्या विद्यार्थ्यामागे एक संपर्क प्राध्यापक नेमावा. यासाठी निधी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला सहसा काही आठवडे जातात आणि सुरुवातीला मळमळ किंवा झोपेतील बदल यांचा त्रास होऊ शकतो. परीक्षेच्या तोंडावर उपचार सुरू झालेल्या विद्यार्थ्याला ‘आता औषध चालू आहे ना?’ असे म्हणून सवलत नाकारणे अन्यायाचे आहे. ध्यानवर्ग अवश्य घ्या, पण एकाच आठवड्यात चार विषयांचे प्रकल्प मागून वर श्वास मोजायला सांगू नका.

रात्रपाळी:
वसतिगृहाची जबाबदारी सांभाळते, म्हणून झोपेविषयी. १८ ते २५ या वयात सात ते नऊ तासांची झोप सुचवली जाते. ऑनलाइन काम सादर करण्याची मुदत रात्री बारा ठेवली की निम्मे वसतिगृह बारापर्यंत जागते आणि उरलेले त्यांच्या गोंगाटाने. ती संध्याकाळी सहा करून पाहावी. दुसरे असे की, संकटे बहुधा समुपदेशकांचे कार्यालय बंद झाल्यावर येतात. रात्री कोणाला फोन करायचा, जवळच्या कोणत्या रुग्णालयात न्यायचे, वाहन कोण आणणार आणि सोबत कोण थांबणार, हे एका पानावर लिहून पहारेकऱ्यासह सर्वांकडे असू द्या.

रेघोटी:
सर्वांचे मनापासून आभार. परीक्षा अर्जांचा मुद्दा आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. तो पुढील बैठकीत पहिला घेते. मध्यलय, प्रश्नावलीचे आणि पालकांना कळवण्याचे काय करावे?

मध्यलय:
नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची चाचणी बहुधा आपल्यासमोर येईल. ती गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी असा प्रघात आहे. तेवढ्यावरून निदान करू नये. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तीन हजार जणांनी ती भरली आणि त्या प्रश्नाला होकार देणाऱ्यांना त्याच दिवशी भेटण्याची तयारी नसेल, तर ती वाटू नये. समुपदेशन कक्षात आलेल्यांसाठी मात्र अवश्य वापरावी, कारण चार आठवड्यांनी पुन्हा भरल्यास फरक दिसतो. वर्गशिक्षकांकडे हे गुण कधीही जाऊ नयेत.

पालकांविषयी: विद्यार्थी सज्ञान असल्यास त्याच्या संमतीनेच कळवावे, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हाचा अपवाद पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावा. कळवावेच लागले तर शक्यतो विद्यार्थ्याला समोर बसवून, काय सांगायचे ते त्याच्याशी ठरवून फोन करावा. काही घरांत त्रासाचे मूळच घरी असते. अशा वेळी आई-वडिलांऐवजी कोणाला बोलवावे, हेही त्यालाच विचारावे. आपल्या देशातील कायदा याबाबत काय सांगतो, हे महाविद्यालयाच्या विधी सल्लागारांकडून लेखी घेऊन ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता तो वाद उभा राहणार नाही.