विशेष भत्ता ६०० ने वाढला, बिल ९५३ ने, पोरांच्या हातात ५२३. मधलं कुठे गेलं?

रबाळे_अकाउंट्स
रबाळे एमआयडीसीतलं पॅकिंग युनिट. कंत्राटदाराकडून १४ माणसं: ११ हेल्पर, २ अर्धकुशल, १ फोर्कलिफ्टवाला. जानेवारीपासून विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईप्रमाणे बदलणारा भाग) वाढला. समजायला सोपं म्हणून गोल आकडे देतो. हेल्परचं मूळ अधिक विशेष भत्ता १४,००० होतं, ते १४,६०० झालं. बिल माणशी ९५३ ने चढलंय, जीएसटीसकट. पोरं म्हणतात हातात पाचशेच आले. त्यातल्या तिघांना तर डिसेंबरपेक्षा कमी. फोर्कलिफ्टवाला २१,००० च्या वर गेला म्हणून त्याचं ईएसआय (कामगार राज्य विमा) जानेवारीतच बंद केलंय. आणि आता मालक म्हणतायत १४ चे १२ करू. भत्ता वाढून माणसांचं भलं झालं की वाटोळं?

ताळेबंद
आधी ९५३ फोडून बघा, मग कंत्राटदाराला धरा.

६०० वर पीएफ मालकाचा १२ टक्के, वर विमा आणि प्रशासन खर्च अर्धा-अर्धा टक्का, म्हणजे ७८. ईएसआय ३.२५ टक्के, १९.५०. बोनस ८.३३ टक्के, ५० धरा. झाले ७४७.५०. त्यावर तुमचा सर्व्हिस चार्ज बहुतेक ८ टक्के असणार, कारण त्यानेच ८०७ येतात, आणि १८ टक्के जीएसटी लावला की ९५३. आकडा अगदी बसतो. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, त्यामुळे कंपनीचा खरा खर्च ८०७.

हेल्परच्या बाजूने: ६०० मधून पीएफ ७२, ईएसआय पाचेक रुपये, व्यवसाय कर आधीच २०० होता तो तेवढाच. हातात ५२३. हे ७२ बुडालेले नाहीत, त्याच्याच खात्यात आहेत, मालकाच्या १२ पैकी ३.६७ टक्केही तिथेच आणि ८.३३ टक्के पेन्शनला. पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दाखवा, अर्धी तक्रार तिथेच मिटते. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, तेव्हा पुन्हा ओरड होईल, आधीच सांगून ठेवा. आणि बाईच्या पगारातून २०० कापत असतील तर ते थांबवा. महिलांना २५,००० पर्यंत हा कर नाही.

म्हणजे सरळ हिशोबात कंत्राटदाराच्या खिशात माणशी ६० च्या आतबाहेर. पण बोनसचे पैसे तो दर महिन्याला बिलात घेतो. १४,६०० वर ते महिन्याला १,२१६ होतात, वर्षाला १४,५९४. दिवाळीला एवढे वाटतो का? बरेच जण ७,००० धरून ५८३ च्या हिशोबाने देतात आणि उरलेलं गिळतात. नियम ७,००० किंवा किमान वेतन, यात जे जास्त ते.

नेरूळ_कम्प्लायन्स
तिघांचं उत्तर बिलात सापडणार नाही, ईसीआरमध्ये (पीएफच्या मासिक विवरणपत्रात) सापडेल. कंत्राटदाराकडून डिसेंबर आणि जानेवारीचा ईसीआर मागवा, आणि शेजारी तुमच्या गेटचं हजेरी रजिस्टर ठेवा. ईसीआरमध्ये एनसीपी डेज असा रकाना असतो, म्हणजे बिनपगारी दिवस. माणूस गेटवर पूर्ण महिना आणि ईसीआरमध्ये एनसीपी ४, तर भत्त्याची वाढ दिवस खाऊन भरून काढलेली आहे. २२ दिवसांचे १२,३५४ होतात. दर कायद्यात बसतो, पीएफ भरलेला दिसतो, वरवर कुणाला काही कळत नाही.

दुसरी युक्ती भागाकाराची. रोजचा दर काढताना महिन्याच्या दराला २६ ने भागायचं, कारण साप्ताहिक सुट्टी त्यात धरलेली आहे. १४,६०० भागिले २६, रोज ५६१.५४. काही जण ३० ने भागून ४८६.६७ काढतात आणि हजेरी २६ चीच लावतात. एका माणसामागे १,९४७ गेले. सहाशेच्या वाढीचं काय घेऊन बसलात!

ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट दराने, तासाला १४०.३८. स्लिपवर ‘अटेंडन्स इन्सेंटिव्ह’ नावाची गोल रक्कम दिसली तर समजा सिंगल रेटचा ओटी आहे.

अर्धकुशल दोघांची स्लिपही बघाच. भत्ता वाढला की हळूच ‘अकुशल’ लिहितात.

घणसोलीकर
फोर्कलिफ्टवाल्याबद्दल. ईएसआय असं मधेच बंद होत नाही. वर्गणीचे कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या सुरुवातीला तो २१,००० च्या आत होता ना? मग जानेवारीत २१,२०० झाले तरी ३१ मार्चपर्यंत पूर्ण पगारावर वर्गणी भरायलाच लागते. आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबर. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला त्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरावे लागतात. जानेवारीतच तोडलं तर तेवढे दिवस भरतील न भरतील. २१,००० ची मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत, वर्गणी कापताना मात्र धरतात. ओटीमुळे पार झाला म्हणून कुणाला बाहेर काढलं असेल तर ती सरळ चूक.

वागळे_इस्टेट
१४ चे १२, यावर. अर्थशास्त्रवाल्यांचं यावर तीस वर्षं भांडण चालू आहे. न्यू जर्सीत एप्रिल १९९२ मध्ये ताशी दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ झाला. कार्ड आणि क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली ४१० फास्ट फूड दुकानं तपासली, नोकऱ्या घटल्या नव्हत्या. कार्डना पुढे २०२१ चं नोबेल. उलट सिॲटलमध्ये दर १३ डॉलर झाल्यावर तिथल्याच विद्यापीठाच्या गटाला कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्के घटलेले दिसले. त्या निष्कर्षावरही वाद आहेच.

आपल्याकडे सिॲटलचा प्रकार जास्त दिसतो, म्हणजे माणूस कामावरून जात नाही, दिवस जातात. वर नेरूळवाल्यांनी दाखवलं ते तेच, फक्त कागदावर चोरून.

तुमच्या मालकांचं गणित मात्र कच्चं आहे. भत्त्याचा बोजा १४ × ८०७, महिन्याला ११,२९८. एक हेल्पर सगळं धरून १८,००० च्या पुढे पडतो. बोजा एका माणसाएवढाही नाही आणि कापायचेत दोन. उरलेल्या १२ जणांकडून तेवढंच काम म्हणजे ओटी, आणि ओटी दुप्पट. महिन्याला एका माणसाचे २०८ तास. ते ओटीत काढले तर २९,००० च्या वर. बोनस वाचला तरी हे परवडत नाही. फक्त ओटी सिंगल रेटने दिला तरच परवडतं, मालकांच्या डोक्यात बहुधा तेच असावं.

एक परिणाम कुणी बोलत नाही. आठ वर्षं जुना हेल्पर १४,६०० वर आणि काल आलेलाही १४,६०० वर. जुना आधी पाचशे जास्त घेत होता, ते भत्त्याने गिळले. तोच आधी महापेला दुसरीकडे जातो.

रबाळे_अकाउंट्स
ईसीआर काढला. तिघांचे एनसीपी ४, ५, ४. गेटवर तिघांचेही २६ दिवस. आता कंत्राटदार म्हणतो पीओचा (पर्चेस ऑर्डरचा) दर मागच्या वर्षीचा आहे, विशेष भत्ता त्यात नव्हता, तोटा किती सोसू. बिल मात्र वाढीव दराचं आहे!

नेरूळ_कम्प्लायन्स
बिल वाढीव आणि हजेरी कापलेली, म्हणजे दोन्हीकडून खातोय. फरक त्याच्या पुढच्या बिलातून अडवा आणि तिघांच्या खात्यात जमा झाल्याचं स्टेटमेंट दाखवल्यावरच सोडा, रोख नको. मुकादमाकडे कुणाचं एटीएम कार्ड नाही ना, तेही विचारा. त्याने दिले नाहीत तर जबाबदारी तुमच्या कंपनीवर येते. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो (जुन्या किमान वेतन कायद्यात सहाच महिने होते) आणि भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. मालकांना हा आकडा आधी दाखवा.

पीओ नव्याने काढताना मूळ आणि विशेष भत्ता ‘अधिसूचनेप्रमाणे प्रत्यक्ष’ लिहा. दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, आपोआप बदलेल. अधिसूचना बऱ्याचदा उशिरा येते, म्हणून मागचा फरक कोण देणार आणि किती दिवसांत तेही लिहा. सर्व्हिस चार्ज टक्क्यात नको, माणशी ठरावीक रुपयांत. बोनस दर महिन्याला देऊ नका, दिवाळीला वाटपाची यादी आली की तेव्हा द्या. आणि बिलासोबत ईसीआर, ईएसआय चलन, बँक स्टेटमेंट आणि तुमच्याच गेटची हजेरी, या चौघांची बेरीज जुळल्याशिवाय पेमेंट नाही.

ताळेबंद
गेटची हजेरी बायोमेट्रिक असेल तर मशीन कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या लॉगिनवर ठेवू नका.