मुलाचं वजन: नजर खरी की काटा?

निरंजना:
मूल जाड होतंय की रोडावतंय, हे आईवडिलांना नुसत्या नजरेने कळत नाही. अनेक अभ्यासांचा २०१४ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात जास्त वजनाच्या मुलांचे जवळपास निम्मे पालक ते वजन कमीच समजत होते. मूल रोज डोळ्यांसमोर असतं आणि तुलना होते ती वर्गातल्या मुलांशी. तीच गुबगुबीत असली की गुबगुबीतपणा नेहमीचा वाटू लागतो. उलट, वर्षाचं होईतो जन्माच्या तिप्पट झालेलं वजन पुढे वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. बाळसं झडतं, बरगड्या दिसतात, की लगेच 'किती वाळलाय' सुरू. म्हणून दर सहा महिन्यांनी वजन-उंची मोजून बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढा आणि वय व लिंगानुसार असलेल्या तक्त्यावर मांडा.

कडूलिंब:
काट्यावर एवढा भरवसा नको. सात वर्षांचा मुलगा, वजन २६ किलो, उंची १२२ सेंमी: बीएमआय १७.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाला +१ची रेषा (मधल्या रेषेच्या वरची पहिली, म्हणजे एक प्रमाण विचलन वर) १७ला आहे, म्हणजे वजन जास्त. बूट न काढता उंची १२४.५ भरली की तोच बीएमआय १६.८, म्हणजे सगळं आलबेल! वर बरेच जण मोठ्यांचा १८.५चा आकडा लावतात आणि याच मुलाला चक्क 'कमी वजनाचा' ठरवतात. पाच वर्षांखाली तर जास्त वजनाची रेषाच वेगळी, +२ची. असं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं.

निरंजना:
चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे, ती सुधारता येते. काटा कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. कपडे हलके, पाय अनवाणी. उंचीसाठी टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. अंबाडा, हेअरबँड काढायचा. दोनदा मोजायचं, अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवूनच मोजायचं.

पारिजातक:
पण कळून पुढे काय? ऑस्ट्रेलियातल्या मुलांवरचा २०१६चा अभ्यास सांगतो की पालकांना जी मुलं जाड वाटत होती, त्यांचं वजन पुढच्या वर्षांत उलट जास्त वाढलं, आणि ते मूळ वजन काहीही असलं तरी. घरात शिक्का बसला की वागणं बदलतं. भावाला दुसऱ्यांदा वाढलं जातं, जाड ठरलेल्या बहिणीच्या ताटाकडे डोळे वटारले जातात. खाऊ वरच्या फळीवर गेला की मुलाचं अर्धं लक्ष त्या फळीवरच. भूक नसतानाही, मिळेल तेव्हा खाऊन घ्यायची सवय इथेच लागते.

निरंजना:
तो अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पालकांना कळणं वेगळं, मुलाला ऐकवणं वेगळं. बदल अख्ख्या घराचा हवा: गोड पेयं घरातच आणायची नाहीत, जेवताना टीव्ही-मोबाइल बंद, झोपेची वेळ ठरलेली. काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने. बहुतेक वाढत्या मुलांचं वजन उतरवावंच लागत नाही. ते थोपलं आणि उंची वाढली की बीएमआय आपोआप खाली येतो.

पारिजातक:
'आपोआप' होईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. तेवढा काळ आजी, काका, शेजारी यांची तोंडं कोण धरणार? 'जाड्या' हा शब्द आधी घरातून हद्दपार करा, मोजपट्टी नंतर काढा.

दिवाकर_क:
निरंजना, कडूलिंब, दोघंही तक्त्यावरच्या एकाच बिंदूवर, म्हणजे एका वेळच्या मोजणीवर अडलात. बिंदू नव्हे, रेषेची दिशा पाहा. मूल सुरुवातीपासून खालच्या रेषेला धरून वाढत असेल आणि खेळत-बागडत असेल, तर त्याला घास कोंबू नका. भूक-पोट भरल्याची त्याची स्वतःची जाण अशा कोंबण्याने मारली जाते. दोन-तीन मोजण्यांत रेषा ओलांडून वर किंवा खाली जात असेल तर मात्र दाखवून घ्या. आणि वजन वाढतंय पण उंची खुंटली आहे, असं दिसलं तर वाट पाहूच नका. जास्त खाण्याने वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात. बुटकेपणासोबत वजन वाढत असेल तर थायरॉईडसारखं कारण डॉक्टरांना तपासावं लागतं.