गो खेळायचंय आणि घड्याळ मोबाईलचं?

वाकडेवाडीकर

परवा इथे, आपल्या गो (काळ्या-पांढऱ्या स्टोनांचा पटावरचा खेळ) खेळणाऱ्यांच्या फोरमवर, एका सभासदाने लिहिलं : "गोसाठी वेगळं घड्याळ घेणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. बुद्धिबळाचं कुठलंही चालतं, नाहीतर फोनवर ॲप टाका. ब्योयोमी हा जपान्यांचा हट्ट आहे, फिशर लावा आणि मोकळे व्हा." (ब्योयोमी म्हणजे मूळ वेळ संपल्यावर प्रत्येक चालीला ठरावीक सेकंदांचा पिरियड; त्यात खेळलात तर तो पुन्हा पूर्ण मिळतो, नाहीतर एक पिरियड जातो. फिशर म्हणजे प्रत्येक चालीला काही सेकंद तुमच्या वेळेत जमा.) खाली सगळ्यांचे अंगठे. मला काही तो अंगठा देववला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

"बुद्धिबळाचं कुठलंही" म्हणजे नेमकं कुठलं? डीजीटी कंपनीचं १००१ घेतलंत तर साधी उलटी मोजणी मिळेल, बस्स. वेळ संपली की डाव संपला. एकोणीस बाय एकोणीसवर दोघांच्या मिळून अडीचशे चाली होतात. डावाच्या शेवटी दीड गुणाने पुढे असलेला माणूस केवळ दामे (गुण न देणाऱ्या रिकाम्या जागा) भरता भरता हरणार आणि आपण त्याला गो म्हणणार? डीजीटी २०१० आणि ३००० या दोन्हींत ब्योयोमी आहे, कॅनेडियन (ठरावीक वेळात ठरावीक चाली) आहे, फिशरही आहे. महाग आहेत, मान्य. पण एकदाच घ्यायचं आहे. घड्याळ घेताना दुकानदाराला एकच विचारा, ब्योयोमीचे पिरियड किती लावता येतात. तो गोंधळला तर पुढच्या दुकानात जा.

आणि फोन. आमच्याकडे एका डावात शेवटचा पिरियड चालू, मोठ्या ग्रुपचं (जोडलेल्या स्टोनांचं) जगणं-मरणं चालू, आणि पार्सलवाल्याचा फोन आला. ॲप मागे गेलं. पुढची पंधरा मिनिटं वाद वेळेवरच. डाव तसाच राहिला.

फिशरभक्त

तो सभासद मीच. नाव घ्यायला लाजू नका.

फोन एअरप्लेन मोडवर टाकता येतो, साहेब. पार्सलवाल्याचा राग ॲपवर कशाला?

आता मुद्द्याचं. अर्धा तास अधिक ३० सेकंदांचे पाच पिरियड लावा. दोघेही शंभराव्या चालीला ब्योयोमीत गेले आणि डाव अडीचशेवर संपला, तर प्रत्येकी ७५ चाली उरतात. म्हणजे आणखी साडेसदतीस मिनिटं एकेकाची. एक डाव सव्वादोन तास, जळालेले पिरियड वेगळेच. तेच २० मिनिटं अधिक १० सेकंद फिशर लावलं, तर अडीचशे चालींना प्रत्येकी एक्केचाळीस मिनिटं, दोघांचे मिळून ऐंशी-ब्याऐंशी. हॉल भाड्याने घेऊन दिवसात चार फेऱ्या काढून बघा एकदा, मग जपानी परंपरेवर बोलू.

शिवाय ब्योयोमीत तीन सेकंदांत खेळलात तर उरलेले सत्तावीस गेले वाऱ्यावर. फिशर म्हणजे पिग्मी खातं. सोप्या चालीला थोडं थोडं टाकत राहा, अवघड को (एकाच जागी आलटून-पालटून पकडापकडी) आला की काढा.

योसेराणी

पिग्मी खात्यात पैसे येतात कुठून ते सांगा ना. निरर्थक अटारी (पुढच्या चालीत स्टोन पकडण्याची धमकी) देऊन! फिशरमध्ये एक अटारी, एक जोडणी, दहा सेकंद खिशात. मी समोर बसून पाहिलंय. माणूस स्वतःच्या को-थ्रेट (कोसाठी राखून ठेवायच्या धमक्या) जाळत होता, फक्त घड्याळ वर नेण्यासाठी. त्यात काही कला नाही.

फिशरभक्त

आणि ब्योयोमीत वेळ मिळवायला थ्रेट खेळत नाहीत? प्रत्येक व्यावसायिक खेळतो. तुमच्याकडे जरा मोठे ३० मिळतात, माझ्याकडे १०. ढोंग कशाला.

योसेराणी

ढोंगी कोण ते आकडेमोड करून कळत नाही. पण १० सेकंदांत पन्नास गुणांची सेमेआय (दोन ग्रुपांची एकमेकांना पकडण्याची शर्यत) मोजून दाखवा, मी तुमच्या हॉलचं भाडं भरते.

आबा

पोरांनो, काट्याचं लाकडी घड्याळ कुणी वापरलंय का? आम्ही कॅनेडियन त्याच्यावरच खेळलो. वीस स्टोन मोजून बाजूला काढायचे, काटे बाराला पाच कमीवर आणायचे, वीस लावले की दोन्ही घड्याळं थांबवून पुन्हा. ही पद्धत मुळात अशा घड्याळांसाठीच सोयीची, कारण प्रत्येक चालीला काटे मागे आणायला माणूस ठेवणार कोण? बॅटरी नाही, मेनू नाही. डीजीटीच्या बटनांवरची अक्षरं मला चष्मा लावूनही दिसत नाहीत आणि सेटिंग करायला नातू लागतो.

इचलकरंजीचा

आबा, आदर ठेवून सांगतो, त्या घड्याळावर फ्लॅग (वेळ संपल्याची पट्टी) पडायला अर्धं मिनिट उरलंय की दोन सेकंद ते दिसत नाही. आमच्या इथं एकानं "अजून पडला नाही" म्हणून वीसच्या वीस लावले, दुसरा म्हणतोय एकोणीसच होते. भांडणात स्टोन उधळले. काळे-पांढरे वेगळे करायला रात्र गेली.

आबा

माणसं उधळतात, घड्याळ नाही.

निशिकासाईकर

तोक्योहून. इथे क्लबात बोलणारी घड्याळं असतात, सेकंद मोठ्याने मोजतात. मोठ्या सामन्यात तर माणूसच मोजतो. किसेई या जपानी किताबाच्या दोन दिवसांच्या लढतीत प्रत्येकी ८ तास, आणि एका मिनिटाच्या आतली चाल पारंपरिक हिशोबात शून्य धरतात, मिनिटाचे सुटे सेकंद सोडून देतात. त्यामुळे फोनवरचं ब्योयोमी आणि इथलं ब्योयोमी एकच आहे असं समजू नका. वाकडेवाडीकरांना मात्र एक सांगायचंय : डीजीटी बीप करतं, बोलत नाही. बोर्डावरून नजर न हटवता वेळ कळणं हाच ब्योयोमीचा जीव आहे. बीपने तो निम्मा जातो.

आणि "परंपरा" म्हणून हिणवायचं असेल तर हेही ऐका. १९३८ मध्ये शूसाई आणि किटानी या जपानी खेळाडूंना प्रत्येकी ४० तास दिले होते. जून ते डिसेंबर डाव चालला, किटानीने चौतीस तासांच्या वर वापरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर वेळेची मर्यादाच नव्हती, मोठ्या दर्जाचा खेळाडू हवं तेव्हा डाव थांबवी. घड्याळ हेच मुळात परंपरेच्या विरोधात आलं.

काळेपांढरे

बोलणाऱ्या घड्याळावरून इंग आठवलं. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी तर ओव्हरटाइम गुणांनी विकत घ्यायला लावला, दर खेपेला दोन गुणांचा दंड. १९८८ पासूनच्या इंग कपात हेच. वेळ आणि गुण यांचा थेट व्यवहार. दोघेही वाद घालताय, हे कुणी बोलत नाही.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. घड्याळ कधी दाबायचं? कैदी (पकडलेले स्टोन) उचलल्यावर की आधी? आणि कोणत्या हाताने?

इचलकरंजीचा

उचलल्यावरच. ज्या हातानं चाल, त्याच हातानं. ह्यात विचारण्यासारखं काय?

वाकडेवाडीकर

विचारण्यासारखं आहे, कारण पाच सेकंद उरलेले असताना आठ कैदी उचलायचे असतील तर पिरियड जातो. म्हणून तर म्हणतो, घड्याळ हाताशी हवं...

काळेपांढरे

घड्याळ जाऊ द्या. जानेवारी २०२५, कोरियातल्या एलजी कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची फायनल. चीनच्या के जिएने पकडलेले स्टोन वाटीच्या झाकणात ठेवले नाहीत म्हणून दुसऱ्या डावात दोन इशारे आणि डाव गेला! तिसऱ्या डावात पुन्हा दोन गुणांचा दंड, आणि तो उठून गेला. जगज्जेतेपद झाकणावरून!

योसेराणी

नियम आधीच जाहीर होता. कोरियन मोजणीत कैदी गुण असतात, समोरच्याला ते दिसले पाहिजेत. घरी चिनी नियमांनी, कैदी न मोजता, खेळतो म्हणून दुसऱ्याच्या घरात चपला घालून फिरायचं का?

काळेपांढरे

चपला! दोन स्टोन टेबलावर राहिले तर डाव हरवायचा, हा न्याय? पुढे कोरियन संघटनेने स्वतःच तो दंड काढून टाकला. म्हणजे चूक कुणाची?

योसेराणी

काढला म्हणजे त्या दिवशी नव्हता असं होत नाही. आणि समोरच्या ब्यॉन सांग-इलने काय पाप केलं? तो विजेता ठरला आणि चिनी संघटनेने निकालच मानला नाही. त्या बिचाऱ्याच्या नावामागे आयुष्यभर झाकण लागलं.

निशिकासाईकर

एक राहतंय. के जिएची तिसऱ्या डावातली तक्रार वेळेचीच होती. पंचांनी डाव थांबवला तो ब्यॉनची पाळी असताना. घड्याळ थांबलं, विचार चालूच. म्हणजे काळेपांढरे, तुमचा विषय फिरून घड्याळावरच आला.

काळेपांढरे

मग पंचांवर बोला ना! इथे सगळे बटनांवर बोलतायत. ज्यांनी एकही अधिकृत सामना खेळला नाही त्यांनी शिस्त शिकवू नये.

योसेराणी

माझ्याबद्दल बोलताय? मी खेळलेले सामने मोजायला तुमच्याकडे पिरियड पुरणार नाहीत.

फिशरभक्त

दोघंही जरा थंड घ्या, नाहीतर एकेक पिरियड कापतो. 😀

काळेपांढरे, हे पंचगिरीचं सगळं वेगळ्या धाग्यावर न्या. मी उत्तर देणार नाही.

काळेपांढरे

घाबरलात.

फिशरभक्त

हो, फार. घाम फुटला.

वाकडेवाडीकर, आता तुमच्यासाठी. बोर्डावर समोरासमोर, दोघांच्याच डावाला, हॉल रिकामा करायची घाई नसताना, ब्योयोमी चांगलं आहे. एवढं म्हणतो. २०१६ मध्ये सोलमध्ये कोरियाचा ली सेडॉल आणि अल्फागो या संगणकाला प्रत्येकी २ तास आणि ६० सेकंदांचे तीन पिरियड होते, तिथेही तेच शोभलं. आमच्या भाड्याच्या हॉलात शोभत नाही. सायंकाळी साडेसहाला वॉचमन दिवे घालवतो, त्याला कॅनेडियन समजत नाही.

वाकडेवाडीकर

मोठा उपकार. दोघांच्या डावापुरतं का होईना, मान्य केलंत. मीही म्हणतो, स्पर्धेला फिशर लावा. फक्त फोनवर नको, आणि "कुठलंही" हा शब्द मागे घ्या.

फिशरभक्त

"फिशर आणि ब्योयोमी दोन्ही असलेलं कुठलंही." घ्या. खूश? आणि फिशरला तुमचे पैसेही लागत नाहीत, बुद्धिबळवाल्या बॉबी फिशरच्या घड्याळाचं पेटंट १९८९ चं, कधीच संपलं.

आबा

माझं काट्याचं कुणी घेणार का? चालू स्थितीत आहे. पण उधळणाऱ्याला देणार नाही.

इचलकरंजीचा

आबा, मी घेतो. त्यावेळी उधळलं ते मी नव्हे, समोरचा होता.

नवीनखेळाडू

वाचून डोकं गरगरलं. मी अजून ९ बाय ९ वरच आहे. मला कुठलं घड्याळ घ्यावं लागेल?

वाकडेवाडीकर

कुठलंच नाही. आधी जिवंत राहायला शिका, मग पिरियड मोजू.

फिशरभक्त

ह्यावर एकमत. पहिल्यांदाच.