तेलाचे पिवळे कॅन कापून केलेलं काम: हवामान बदलावरची कला की गॅलरीचा माल?

रानवाट:
घानाच्या सर्ज अटुकवेई क्लॉटीबद्दल वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढतेय. जन्म १९८५ चा, अक्रा शहरातला, लाबाडी भागात त्याचा स्टुडिओ. तिकडे खायचं तेल बाहेरून पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनमधून येतं, आणि तेल संपलं की लोक त्यातच पाणी साठवतात. अध्यक्ष कुफोर यांच्या काळात (२००१ ते २००९) पाण्याची इतकी मारामार होती की कॅनचं नावच पडलं 'कुफोर गॅलन'. फुटले की गटारात नाहीतर समुद्रावर. हा ते गोळा करतो, चौकोनी तुकडे कापतो, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकाला एक शिवत भिंतभर पडदा करतो, फोटोत लांबून गोधडीच वाटते. या सगळ्याला त्याने नाव दिलंय आफ्रोगॅलनिझम. माझ्या मते हवामान बदलावर इतकं थेट बोलणारं काम दुसरं नाही. जगाच्या कार्बनमध्ये अख्ख्या आफ्रिकेचा वाटा सुमारे ४ टक्के, आणि भोगायला मात्र हेच पुढे. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेषा:
अजिबात पटलं नाही. अक्राला पाणी येतं ते वेइजा आणि क्पॉन्गच्या धरणांवरून, क्पॉन्ग तर व्होल्टा नदीवर, म्हणजे पाणीच नाही असं नाहीये. शहर वाढलं आणि त्या मानाने पाइपलाइन वाढली नाही. याला क्लायमेटचं लेबल लावलं की तिथलं सरकार आयतं सुटतं. लोकांनी त्या कॅनला ढगाचं नाव नाही दिलं, अध्यक्षाचं दिलं, म्हणजे दोष कुणाचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.
आणि पाणीटंचाईवरचं हे काम २०२१ ला लागलं कुठे, तर 'डेझर्ट एक्स' प्रदर्शनात, कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला. तिथे ते बघून लाबाडीतल्या कुणाच्या घरी एक बादली तरी जास्त आली का?

टेमाकर:
मी अक्राच्या शेजारी टेमाला चार वर्षं होतो नोकरीसाठी, म्हणून लिहितो. आमच्या बाथरूममध्ये सहा गॅलन ओळीने उभे असायचे. नवा आणला की पहिले आठ-दहा दिवस पाण्याला तेलाचा वास, साबण, गरम पाणी, काहीही करा, जात नाही. झाकण हरवलं की तोंडावर काळी पिशवी ठेवून वरून सुतळी. शेजारच्या बाई रोज पहाटे साडेचारला ते भरायला उठायच्या, मला झोपेत फक्त नळाखालचा आवाज ऐकू यायचा, आधी पोकळ आणि मग भरत आला की बारीक होत जाणारा. त्यावरून कळायचं कितवा भरतोय ते.
सरळरेषा, पाइपचा मुद्दा बरोबर आहे. पण ३ जून २०१५ चं काय करायचं? मी जायच्या आधीची गोष्ट, पण तिकडे नुसतं 'तीन जून' म्हटलं तरी लोक गप्प होतात. अक्रात धो धो पाऊस, गटारं प्लास्टिकने तुंबलेली, लोक आडोशाला पेट्रोल पंपावर थांबले आणि तिथेच स्फोट झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. आता यात पाऊस किती आणि गटार किती हे वेगळं काढून दाखवा. मला नाही काढता येत. नळ कोरडा असताना तोच कॅन घरात आणि पूर आला की तोच गटारात अडकलेला, क्लॉटीने उचललाय तो हा कॅन.

चित्रलिपी:
पाम स्प्रिंग्जबद्दल थोडं. ते काम श्रीमंतांच्या बंगल्यांजवळ नव्हतं, जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरपाशी होतं, पिवळ्या तुकड्यांनी मढवलेले दोन मोठे ठोकळे, नाव 'द विशिंग वेल'. त्यामुळे 'गॅलरीचा माल' हे इथे लागू होत नाही.
सेनेगलच्या डाकारमधली फाब्रिस माँतेरोची फोटोमालिकाही बघा, २०१३ पासूनची. कचऱ्याच्या डोंगरावर, घाण झालेल्या किनाऱ्यावर तिथल्याच कचऱ्याचे झगे घातलेले उंचच्या उंच जिन्न उभे. मूळ कल्पना मुलांसाठी होती, जिन्न माणसांना बजावायला आलेत अशी. पोरांना बागुलबुवा सांगतात ना, तसा, फक्त हा बागुलबुवा आपणच टाकलेल्या पिशव्यांचा.

सरळरेषा:
वस्तीचं माहीत नव्हतं, तो मुद्दा मागे घेतो. तरी मला केनियातली लामूची बोट जास्त पटते. अली स्कांदा आणि तिथले कारागीर, पिढीजात लाकडी ढाऊ बांधणारे, त्यांनी सुमारे १० टन प्लास्टिक वितळवून ९ मीटरची ढाऊ बांधली, वरून जवळपास ३० हजार टाकून दिलेल्या चपलांचे तुकडे लावले, नाव फ्लिपफ्लॉपी. २०१९ ला लामूहून झांझिबारपर्यंत ५०० किलोमीटर शिडावर गेली, वाटेत गावोगाव थांबत. लोकांनी हात लावून बघितली, मुलं चढली. मला कला अशी हवी, ती भिंतीवर टांगून काय होणार.

रानवाट:
पण क्लॉटीचं काम फक्त भिंतीवर नाहीच ना! लाबाडीत त्याने तेच पिवळे तुकडे शिवून गल्लीतल्या रस्त्यावर अंथरले, घरांच्या मधून पिवळा रस्ता जातोय आणि लोक रोजच्यासारखे त्यावरून चाललेत. कापायला, शिवायलाही त्याच वस्तीतली माणसं आहेत. तुमच्या बोटीत आणि या रस्त्यात मला तरी फरक दिसत नाही.

सरळरेषा:
रस्त्याचे फोटो शोधून बघितले आत्ता. हो, हे वेगळं आहे, हे आवडलं. क्लायमेट शब्दाबद्दल मात्र माझं मत तेच, पाइपचा जाब आधी तिथल्या सरकारलाच विचारायला हवा. टेमाकर, आता येतं का हो तिकडे नळाला पाणी?

टेमाकर:
दिवाळीत फोन केला होता त्या शेजारच्या बाईंना. आता अंगणात काळी मोठी टाकी बसवलीय, पॉलीटँक म्हणतात तिकडे, पहाटे उठावं लागत नाही म्हणाल्या. मी विचारलं गॅलन टाकले का मग. नाही म्हणाल्या, सगळे भरून ठेवलेत.