‘वर्किंग स्केच’साठी मराठीत कोणता शब्द योजावा?

खानापूर : शिवणकाम शिकणाऱ्या महिलांसाठीच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना ‘वर्किंग स्केच’पाशी काम अडले आहे. समोरचे चित्र खणाच्या लांब कुर्त्याचे आहे. त्यात पुढची व पाठीमागची बाजू, योक (खांद्या-छातीवरचा वेगळा जोडलेला तुकडा), टक्स (मापासाठी घातलेल्या चुण्या), साइड कट आणि काठ कोठे यावा याच्या टिपा बाण काढून दिल्या आहेत. कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचला आहे. मी ‘कच्चे रेखाटन’ असे लिहिले, त्यावर वर्ग घेणाऱ्या बाईंनी ‘कच्चे’ या शब्दाला हरकत घेतली. आपणांस काय वाटते?

शहापूर, बेळगाव : बाईंची हरकत रास्त आहे. फॅशनच्या देखण्या चित्रातील स्त्री बहुधा ९ डोक्यांइतकी उंच काढतात, प्रत्यक्षात माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास भरतो. त्या चित्रातून वेशाचा डौल कळतो, कापड कापता येत नाही. वर्किंग स्केच असते ते कापणाऱ्यासाठी. खणाचा पन्हा कमी असल्यामुळे उभा जोड कोठे द्यायचा हे त्यातच ठरवावे लागते, नाहीतर जोड नेमका मधोमध येऊन नक्षी तुटते. अशा कागदावर ‘कच्चे’ असे लिहिले तर मास्तर तो अपुरा समजून मनाने भर घालील. आपण कापड ‘बेततो’, मग या चित्रालाही ‘बेत’ का म्हणू नये?

निपाणी : काका, बेतणे हे कात्री हाती घेतल्यावरचे काम आहे आणि हे चित्र त्याच्या आधीचे आहे. शिवाय नुसते ‘बेत’ म्हटले की ऐकणाऱ्याला जेवणाचा बेत आठवतो. मला ‘खर्डा’ योग्य वाटतो. कन्नडमध्ये मसुद्याला ‘करडु’ म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असावे असे माझे मत आहे. आपल्याकडच्या वर्गात दोन्ही भाषांच्या मुली शेजारी बसतात, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

शहापूर, बेळगाव : ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही. खर्डा मजकुराचा असतो, चित्राचा नव्हे. आणि जेवणाचीच अडचण असेल, तर आपल्या भागात खर्डा म्हटल्यावर आधी मिरचीच डोळ्यांपुढे येते.

चिकोडी : ‘स्केच’ सर्वांना कळते, ते बदलण्याची गरजच काय? ‘काज’ पोर्तुगीजांकडून आले, त्यावाचून आज कोणाचे अडते का? शिकणाऱ्या मुलीला उद्या दुकानात जो शब्द ऐकू येणार आहे, तोच पुस्तकात असावा.

निपाणी : सीमाभागात मराठी शाळा टिकवण्यासाठी माणसे झटत असताना पुस्तकानेच शब्द शोधण्याचा कंटाळा करावा, हे मला पटत नाही. ‘काज’ रुळायला काळ लागला. आपल्या शब्दाला तेवढी संधी तरी द्यावी.

बैलहोंगल : या कुर्त्याच्या योकवर कसुती, म्हणजे आपल्याकडचे टाके मोजून केलेले पारंपरिक भरतकाम, असेल, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. कसुतीत कापडावर आधी चित्र उमटवत नाहीत; ताणे-बाणे मोजून टाके घालतात. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजेत आणि गाठ कोठेही दिसता कामा नये. त्यामुळे गोपुर किंवा तुळशीवृंदावन नुसते रेखाटून दिले, तर भरणारीला त्याचा उपयोग नाही. तिला चौकटींचा कागद लागतो. आमच्या घरातील बायका त्याला ‘नमुना’ म्हणत.

खानापूर : ‘नमुना’ शब्द गोड आहे, परंतु मापाच्या पेपर कटिंगलाही मुली नमुनाच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होईल. ‘शिवणरेखाटन’ कसे वाटते?

चिकोडी : वाचायला बरे आहे, परंतु वर्गात मुली स्केचच म्हणतील.

बैलहोंगल : ताई, त्यात भरतकाम कोठे बसते? कसुती ही शिवण नव्हे.

शहापूर, बेळगाव : मग ‘वेशाचा बेत’ म्हणा, त्यात शिवणही आली आणि भरतकामही आले.

निपाणी : पुन्हा बेतच!